कंपनीचं गवत

कंपनी चालली हे थोरलीला खुर्च्यांवरून कळलं.

सकाळची वेळ होती. ती आणि भोंगा हिरवळीच्या कडेला उकिडव्या बसून तण उपटत होत्या. काचेच्या मोठ्या दारातून माणसं चाकांच्या खुर्च्या ढकलत बाहेर आणत होती. एकीवर एक उलट्या रचलेल्या, चाकं वर. ट्रक भरला, दोऱ्या बांधून निघून गेला, तरी दारातून खुर्च्या येतच होत्या.

"आतून रंग देणार असतील," भोंगा म्हणाली. तिने कानात सांगितलेली गोष्टही तीन घरं ऐकत. त्यावरून पडलेलं नाव तिला इतकं चिकटलं होतं की खऱ्या नावाने हाक मारली तर तिला ओळखू येत नसे.

"रंग द्यायला खुर्च्या ट्रकमध्ये घालतात होय?"

"मग धुवायला नेत असतील. मोठ्या लोकांची बुडं नाजूक. त्यांचं काय सांगावं!"

थोरलीला हसू आलं नाही. तिने खुरपं मातीत घातलं, लव्हाळ्याची मुळी खोलवर खरवडून काढली आणि पाठीमागे टाकली. गुडघ्यात कळ आली तशी दोन्ही हात टेकून ती एक फूट पुढे सरकली. असं एकेक फूट सरकतच तिची कितीतरी वर्षं ह्या हिरवळीवर गेली होती. सासरी मोठी सून म्हणून आली म्हणून थोरली. धाकट्या जावा कधीच पांगल्या, नाव मात्र तिच्यापाशी राहिलं. जिथे ती बसली होती तिथेच पूर्वी तिच्या सासऱ्याचं शेत होतं. कंपनी आली तेव्हा सगळ्या गावाने जमीन दिली, तशी ह्यांनीही दिली. हातात आलेलं घराच्या स्लॅबला गेलं, नणंदेला गेलं, उरलेलं नवऱ्याच्या आजारपणाने खाल्लं आणि शेवटी नवराही गेला. त्या शेतात तिने उन्हापावसात पेरलं होतं. आता तिथे पेरायचं काही नव्हतं. जे आपणहून उगवेल ते उपटायचं, एवढंच काम.

पण कामाला नावं ठेवायचं कारण नव्हतं. ह्या काचेच्या इमारतीवर गाव जगत होतं. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने चार बांधल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. फाटकासमोर चहाच्या टपऱ्या झाल्या, इस्त्रीवाला आला, पंक्चरवाला आला. थोरलीचा मुलगा फाटकावर पहारेकरी लागला. सून घरचं बघायची, म्हैस धुवायची, दूध टपऱ्यांना घालायची. आणि म्हैस जगत होती ती ह्या हिरवळीवरच. संध्याकाळी मशीनने कापलेलं गवत बायकांनी वाटून घ्यायचं आणि घरी न्यायचं, असा रिवाज पडून गेला होता. ते कुणी दिलेलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं.

दुपारी नवा सुपरवायझर आला. जुना कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्याचा शर्ट इतका कडक होता की वाकला तर मोडेल असं वाटावं. त्याने सगळ्या बायकांना झाडाखाली बोलावलं.

"उद्यापासून यायचं नाही," तो म्हणाला.

"उद्या सुट्टी आहे का?" भोंगाने विचारलं.

"उद्या नाही, परवा नाही. कंपनीने जागा सोडली. आता मालकाची माणसं बघतील."

"मालक म्हणजे कंपनीच ना?"

"कंपनी भाड्याने होती, मावशी. इमारत दुसऱ्याची आहे. नवीन भाडेकरू मिळेपर्यंत बंद."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. थोरलीला पहिल्यांदा काही उमगलंच नाही. एवढी मोठी कंपनी, आणि भाड्याने! खोलीतली पोरं पेटी उचलून जातात तशी जाणार?

"मग आमची जमीन घेतली ती कुणी?" तिने विचारलं.

सुपरवायझरने घड्याळ बघितलं. "ते मला नाही माहीत. मी कालच आलो."

संध्याकाळी शेवटची ओझी डोक्यावर घेऊन बायका फाटकाशी आल्या. मुलगा मालकाच्या माणसांनी दिलेल्या नव्या निळ्या कपड्यात उभा होता. बाजूला सुपरवायझर. थोरलीला वाटलं होतं, मुलगा नेहमीसारखा मान हलवेल आणि दार उघडेल. पण तो पुढे आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "खाली ठेवा."

"काय?"

"तपासायचंय. आतून काही जातंय का बघायचंय. सगळ्यांचंच."

थोरलीने ओझं खाली टाकलं. मुलगा गुडघ्यावर बसला, गाठ सोडली आणि गवतात दोन्ही हात घालून चाचपू लागला. लहानपणी ताप आला की ती ह्याचं पोट असंच चाचपायची. त्याला तिचं खुरपं सापडलं.

"हे कंपनीचं?" सुपरवायझरने विचारलं.

"माझं आहे," थोरली म्हणाली. "मूठ बघ. घरी बसवलीय."

मुलाने खुरपं तिच्या हातात दिलं. गवताकडे बोट करून सुपरवायझर म्हणाला, "आजचं जाऊ दे. उद्यापासून आतली काडीसुद्धा बाहेर जाता कामा नये. गवत मागच्या खड्ड्यात टाकायचं."

"खड्ड्यात? कुजायला?" भोंगा ओरडली.

"वरून तसं आलंय."

गाठ सुटलेलं गवत थोरलीने पुन्हा गोळा केलं. मुलगा हात लावायला वाकला तशी ती म्हणाली, "राहू दे. तुझी ड्यूटी आहे."

महिनाभरात गावाची रया गेली. पोरं खोल्या सोडून गेली. बंद दारांसमोर मालक खाटा टाकून बसू लागले. इस्त्रीवाल्याने टेबल गाडीवर घातलं आणि निघून गेला. चहाच्या टपऱ्यांपैकी एक उरली, तीही ट्रकवाल्यांसाठी. दुधाला गिऱ्हाईक राहिलं नाही. सून रोज भांडं घेऊन जायची आणि अर्धं परत आणायची. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर अख्खं गावच फिरलं होतं.

त्यात पावसाने दडी मारली. रस्त्याच्या कडेचं गवत वाळून पिवळं झालं, मग तेही संपलं. विहिरीत बादली टाकली की तळाचा दगड वाजायचा. थोरली पहाटे विळा घेऊन निघायची, ओढ्याच्या काठाने लांबवर जायची आणि ऊन चढल्यावर ओंजळभर हिरवं आणि ओंजळभर धूळ घेऊन परत यायची. म्हैस गाभण होती. तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या, आणि मध्ये ते पोट. थोरलीने टोपली समोर ठेवली की म्हैस दोन घासांत रिकामी करायची आणि मग टोपलीचीच कड चघळत तिच्याकडे बघायची.

"बघू नकोस अशी," थोरली तिला म्हणायची. "मी काय खाऊन बसलेय का?"

आणि ह्या सगळ्या भाजलेल्या रानात एकच जागा हिरवी होती. इमारत ओस पडली होती, पण हिरवळीवर फवारे सकाळ-संध्याकाळ फिरत होते. नवीन भाडेकरू बघायला येणार, त्यांना जागा चांगली दिसली पाहिजे, असं मुलगा सांगायचा. शहरातून एक माणूस मशीन घेऊन यायचा, गवत कापायचा आणि मागच्या खड्ड्यात ओतून जायचा. वारा सुटला की खड्ड्यातल्या कुजक्या गवताचा वास गावात यायचा. तो आला की म्हैस दाव्याला हिसके द्यायची.

"तुझ्या त्या साहेबाला एकदा विचार तरी," थोरली मुलाला म्हणाली. "टाकूनच देताय. एक पेंढी दिली तर इमारत खचणार आहे का?"

"विचारलं."

"मग?"

"म्हणाला, तुला नोकरी करायची नसेल तर सांग, तुझ्या जागी दहा उभे आहेत." त्याने ताट पुढे सरकवलं. "सहा जणांतले दोघे उरलोत आई. पुन्हा विचारलं तर एकच उरेल."

घरात येणारा तेवढा एकच पगार होता, आणि भांडी घासताना सुनेने ती नेहमीपेक्षा जोरात आपटली.

नाल्याच्या बाजूची भिंत एका जागी खचली होती. तिथे पत्रा ठोकला होता. पत्र्याचा एक खिळा भोंगाने आधीच काढून ठेवलेला निघाला.

"माझ्या शेळ्या काय हवा खाणार?" ती म्हणाली. "चल. दुपारी कुणी नसतं तिकडे."

"मुलगा असतो."

"तो पुढच्या केबिनीत असतो. आणि दिसलीस तरी काय, आईला फाशी देणार आहे?"

"हळू बोल गं. तुझ्या ह्या हळू बोलण्यानेच धरतील आपल्याला."

पहिल्या दिवशी पत्रा वाकवून आत शिरताना थोरलीच्या दंडाला खरचटलं. आत पाऊल टाकलं आणि तळपायाला ओल लागली. किती दिवसांनी! ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग दोघी जनरेटरच्या खोलीमागे बसल्या आणि विळे चालवू लागल्या. गवत मऊ होतं, विळ्याला आवाज न करता येत होतं. ज्या जमिनीत ती हक्काने वाकली होती तिथे आता चोरासारखी वाकून, मान वळवून वळवून बघत, ती मुठी भरत होती.

त्या संध्याकाळी म्हशीने मान वर न करता खाल्लं. मुलगा कामावरून आला, गोठ्याशी थांबला. हिरवं गवत त्याने बघितलं. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "जनरेटरजवळचा कॅमेरा बिघडलाय. पण पुढच्या शोभेच्या तळ्याकडचा चालू आहे."

"असं?" थोरली म्हणाली.

"आणि मुळापासून कापू नये. टक्कल दिसतं."

पुढे कधी रोज, कधी एक दिवसाआड दोघी जाऊ लागल्या. म्हशीच्या अंगावर थोडी चकाकी आली. सून एकदा स्वतःहून म्हणाली, "आई, चुंबळ नवी करून देते, ही टोचत असेल." थोरलीला वाटलं, पाऊस येईपर्यंत असं निभेल.

मग भाडेकरूंची माणसं जागा बघायला आली. तीन गाड्या, काळ्या काचांच्या. थोरलीने गावातून बघितलं. संध्याकाळी मुलगा आला तो बूट न काढताच ओट्यावर बसला.

"ते मागच्या बाजूलाही गेले. तिथे सगळं खरवडलेलं. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, इथे जनावरं शिरतात का? सुपरवायझरला सगळ्यांदेखत बोलणी बसली. त्याने मला सांगितलंय. ते पुन्हा येणार आहेत. त्याच्या आत एकाला तरी धरून दाखव, नाहीतर कपडे काढून ठेव. आई, काही दिवस जाऊ नकोस. भोंगा मावशीलाही सांग."

"सांगते."

ती खरंच गेली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. ओढ्याकाठी आता धूळसुद्धा उरली नव्हती. म्हशीने गोठ्याचं कूड ओढून खाल्लं आणि तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. दूध आटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हैस बसली ती उठेना. थोरली आणि सुनेने शेपटी धरून, पोटाखाली बांबू घालून तिला उभी केली. ती थरथरत राहिली. पोटातलं रेडकू हललेलं चामडीवरून दिसलं.

थोरलीने कोपऱ्यातला विळा उचलला.

"आई, नको," सून म्हणाली.

"एकच ओझं."

भोंगा दारातच तयार होती, जणू वाटच बघत होती.

त्या दिवशी ऊन डोळ्यांत खुपत होतं. गवत भरभर कापून दोघींनी ओझी बांधली. थोरली भोंगाच्या डोक्यावर ओझं चढवत होती तेवढ्यात शिट्टी वाजली. इमारतीच्या कोपऱ्यावरून मुलगा येत होता आणि त्याच्या मागून सुपरवायझरचा ओरडा ऐकू येत होता. सुपरवायझर स्वतः अजून कोपऱ्याच्या पलीकडेच होता.

"पळ!" भोंगा म्हणाली. दोघी पळाल्या. भोंगा पत्र्याच्या दिशेने, कारण ओझं तिच्या डोक्यावर होतं आणि ते टाकायला ती तयार नव्हती. थोरलीचे गुडघे तिला तेवढं लांब नेईनात. ती जनरेटरच्या खोलीत शिरली आणि दाराआड उभी राहिली.

मुलगा मोकळ्या जागेत येऊन थांबला. त्याने खोलीच्या दाराकडे बघितलं. दाराच्या फटीतून त्याची आणि थोरलीची नजर भेटली. एक आवंढा गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग तो वळला आणि पत्र्याकडे धावला.

भोंगाला त्याने दंडाला धरून आणलं. ओझं अजून तिच्या डोक्यावरच होतं.

"सापडली!" सुपरवायझर म्हणाला. "दुसरी कुठंय? दोन ओझी दिसतायत."

"दोन्ही माझीच," भोंगा म्हणाली. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना थोरलीने कधी ऐकलं नव्हतं. "एक ठेवून दुसरं न्यायला येणार होते."

"खोटं बोलू नकोस. कोण होती बरोबर?"

भोंगाने मुलाकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. दार ढकललं की झालं. एक पाऊल टाकलं की झालं. थोरलीने हात दाराला लावला सुद्धा. मग तिला सून दिसली, तो एकटा पगार दिसला, आणि लावलेला हात तिथेच राहिला.

"एकटीच होते," भोंगा म्हणाली.

तिला तिथेच उन्हात बसवलं. सुपरवायझरने फोनवर तिचे फोटो काढले, समोरून, बाजूने, ओझं डोक्यावर ठेवून, ओझं खाली ठेवून. मग तो मुलाला म्हणाला, "आतून फिनेलचा डबा आण."

मुलगा डबा घेऊन आला.

"ओत. दोन्हींवर. म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको."

"साहेब, खड्ड्यात टाकतो की."

"ओत म्हटलं ना."

मुलाने झाकण काढलं. पांढरं फिनेल हिरव्या गवतावर पडलं, मध्ये झिरपलं, खालून वाहू लागलं. पहिल्या ओझ्यावर ओतून झाल्यावर तो दुसऱ्याकडे गेला. ते त्याच्या आईने बांधलेलं होतं. गाठ तिच्या हातची होती आणि लहानपणापासून बघितलेली ती गाठ तो ओळखत होता. त्याने डबा उलटा केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरला. भोंगा तोंडाला हात लावून बघत होती. वास खोलीत आला, थोरलीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि खोकला येऊ नये म्हणून तिने डोक्यावरचं फडकं तोंडात कोंबलं.

ऊन कलल्यावर भोंगाला सोडलं. त्यानंतर बऱ्याच वेळाने थोरली पत्र्यातून बाहेर पडली.

रात्री सगळे जेवायला बसले. मुलाने हात साबणाने धुतले, राखेने घासले, तरी त्याच्या घासाला फिनेलचा वास येत होता. त्याने ताट बाजूला केलं.

"बरं केलंस," थोरली म्हणाली.

"बरं केलंस म्हणू नकोस!" तो एवढ्याने ओरडला की सून दचकली. मग आवाज खाली आला. "ती मावशी मला कडेवर घेऊन फिरायची. तू बाहेर का नाही आलीस?"

"आले असते तर?"

त्याने बोटं नाकाशी नेली आणि खाली केली.

"तू माझ्याकडे का नाही आलास?" थोरलीने विचारलं.

सुनेने दोघांची ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. त्याने म्हशीचे दात बघितले, फासळ्यांवर बोटं फिरवली, पोटावर थाप मारली आणि जी किंमत सांगितली त्यावर थोरली घासाघीस करायला बसलीच नाही. "रेडकू पोटात आहे. सांभाळून चालव," एवढंच म्हणाली. टेम्पोत चढताना म्हशीचे मागचे पाय घसरले. मुलाने खांदा लावून तिला वर ढकललं, निळ्या कपड्यांनाच शेण लागलं, आणि तसाच तो कामावर गेला.

थोरली भोंगाच्या दारात गेली. भोंगा शेळीला पाला घालता घालता उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. भोंगाच्या घरातून दिवसभर आवाज ऐकू आला नाही. गावातल्या बायका विचारू लागल्या, ती आजारी आहे का?

भाडेकरूंची माणसं पुन्हा आली नाहीत. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली, असं मुलाने सांगितलं. तसं झाल्यावर मालकाच्या माणसांनी पंप बंद केला. वीज कशाला जाळायची? आठवडाभरात हिरवळ करडी पडली, मग पिवळी, मग पायाखाली कुरकुरायला लागली. एक दिवस कुणीतरी कडेला विडी टाकली आणि कोपरा पेटला. काचेपर्यंत धूर गेला. मुलाने आणि दुसऱ्या पहारेकऱ्याने पोती मारून आग विझवली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः गावात आला. शर्ट आज तेवढा कडक नव्हता.

"बायका पाहिजेत," तो म्हणाला. "सगळं गवत जमिनीलगत कापायचं. एका दिवसाची मजुरी मिळेल. विळे आपापले आणा." जाता जाता वळून म्हणाला, "आणि कापलेलं घेऊन जा. इथे एक काडी ठेवू नका."

बायका गेल्या. थोरली गेली, भोंगाही गेली. मुलाने फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडलं. दिवसभर रांगेने बसून त्यांनी वाळकं गवत कापलं. ते हाताला कापत होतं, मुठीत मोडत होतं. भोंगा रांगेच्या त्या टोकाला बसली होती, थोरली ह्या. पाणी प्यायलाही दोघी वेगवेगळ्या उठल्या. बायका गप्पा मारत होत्या, पण भोंगा गप्प असल्यामुळे सगळ्या गप्पा कुजबुजीसारख्या वाटत होत्या.

संध्याकाळी सगळ्यांनी ओझी बांधली. शेळ्यावाल्या होत्या, एकीच्या घरी गाय होती. थोरलीने आपल्या वाट्याचं गवत कापून ढीग करून ठेवलं होतं, ते तसंच सोडून ती विळा पुसत उभी राहिली. बायका एकमेकींच्या डोक्यावर ओझी चढवून निघाल्या. भोंगाचं ओझं सगळ्यांत मोठं झालं होतं. ती एकटीच ते गुडघ्यावर घेऊ बघत होती. दोनदा कलंडलं. उरलेल्या बायका पुढे गेल्या होत्या.

थोरली जवळ गेली, पण हात लावायचं धाडस होईना.

भोंगाने घाम पुसला. थोरलीच्या त्या सोडलेल्या ढिगाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ते पण बांध ह्यात," ती म्हणाली. "माझ्या शेळ्या खातील."

थोरलीने ढीग आणून ओझ्यात घातला आणि पुन्हा गाठ मारली. मग दोघींनी दोन बाजू धरल्या.

"उचल," भोंगा म्हणाली, आणि ते सगळ्या मोकळ्या माळावर ऐकू गेलं.

फाटकाशी मुलगा उभा होता. भोंगा त्याच्यासमोर थांबली. ओझ्याखाली मान ताठ धरून तिने वाट बघितली.

"तपास की," ती म्हणाली.

मुलाचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. थोरली मागे उभी होती. तिने भोंगाच्या ओझ्याला एका बाजूने हात लावला, भार थोडा आपल्याकडे घेतला, आणि दोघी त्याच्या शेजारून रस्त्याला लागल्या.